उल्केचा प्रकाश आणि प्रयोगशाळेतील ठिणगी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आकाश वर्षाचे चार महिने ढगांच्या स्वाधीन असते. बारा-तेरा ऑगस्टच्या रात्री होणारा ययाती उल्कावर्षाव जगभर कौतुकाने पाहिला जातो. आपल्याकडे तो माथेरान आणि राजमाचीवर उतरलेल्या ढगांच्या मागे येतो आणि निघून जातो. आपली वेळ येते ती डिसेंबरात. भाताची झोडणी उरकलेली असते, रिकाम्या खाचरांत वाल उगवून आलेला असतो, आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्का येऊ लागतात. शहरांचा उजेड दरवर्षी जवळ येत असला, तरी डोंगरपायथ्याच्या वाड्यांवरून हा वर्षाव अजूनही साध्या डोळ्यांनी दिसतो.

या काळात विज्ञानाच्या तासाला आमच्यापुढे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न असा : ‘तुटलेला तारा’ कशाचा बनलेला आहे, हे त्याला हात न लावता कसे कळते? दुसरा प्रश्न एखाद्या काळ्या, जड दगडासह येतो : हा आमच्या रानात सापडला, हा आकाशातून पडलेला आहे का? दुसऱ्या प्रश्नामागे कधी निव्वळ कुतूहल असते, तर कधी अशा दगडाला लाखो रुपये मिळतात या ऐकीव बातमीची आशा असते. त्या आशेवर गरीब माणसांना फसवणारेही असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट माहीत असणे ही केवळ हौसेची बाब नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पद्धतीतून मिळतात. त्या पद्धतीचा हा पाठ आम्ही आजी-माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी येथे मांडत आहोत.

उल्केत काय पेटते?

उल्का हा तारा नव्हे. बहुतेक उल्का वाळूच्या कणापासून लहान खड्याएवढ्या आकाराच्या असतात. मिथुन वर्षावातील कण वातावरणात शिरतात ते सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने. कर्जतहून बदलापूर रेल्वेने ३२ किलोमीटर आहे. हा कण तेवढे अंतर एका सेकंदाच्या आत कापतो.

या वेगात किती ऊर्जा साठलेली असते, हे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही काढता येईल. वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, हे गतिज ऊर्जेचे सूत्र लावले, तर एक ग्रॅमच्या कणाची ऊर्जा सहा लाख ज्यूलहून थोडी अधिक भरते. खोलीच्या तापमानाचे दोन लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढीच ऊर्जा लागते. ती सारी एका ग्रॅमच्या खड्याच्या वाट्याला आली, तर त्याची वाफ होण्यास कितीतरी पट पुरेशी ठरते.

जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर हे घडते. हवेचे रेणू कणावर आदळतात, त्याचा पृष्ठभाग तापतो, वितळतो आणि त्याची वाफ होते. वाफेतील अणू पुन्हा हवेच्या रेणूंवर आदळतात आणि काही अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युतभारित, तेजस्वी वायूला प्लाझ्मा म्हणतात. आपण पाहतो ती रेघ म्हणजे मुख्यतः या प्लाझ्माचा प्रकाश होय. त्याचे तापमान साधारणपणे चार ते पाच हजार केल्व्हिन असते. वेगवान उल्कांत याच्या जोडीला दहा हजार केल्व्हिनच्या आसपासचा आणखी एक तप्त भाग आढळतो. सारा खेळ एका सेकंदात, पुष्कळदा त्याहून कमी वेळात आटोपतो. कण उरत नाही. मागे राहते ती फक्त प्रकाशाची नोंद.

रंगाची साक्ष

प्रकाशाची नोंद वाचायची कशी, याचा पहिला धडा प्रत्येक स्वयंपाकघरात मिळतो. मीठ घातलेले पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा असतो. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू तापले असता ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश देतात. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात. मॅग्नेशियमच्या हिरव्या रेषा ५१७-५१८ नॅनोमीटरच्या आसपास येतात. लोहाच्या रेषा तर असंख्य आहेत. किर्चहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० मध्ये या नियमाची पद्धतशीर मांडणी केली. प्रकाश वेगवेगळ्या रंगांत पसरवून जो पट मिळतो, त्याला वर्णपट म्हणतात.

मात्र वर्णपटातील रेषा स्वतःचे नाव सांगत नाही. ते नाव पृथ्वीवरच्या प्रयोगातून मिळवावे लागते. याचे सर्वांत बोलके उदाहरण भारताशी निगडित आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून आंध्रातील मछलीपट्टणमपर्यंत भारतावरून गेला. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ग्रहणाचे निरीक्षण केले. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात निरीक्षकांना एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमची असावी असे प्रथम वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून लॉकियर यांनी ती काळजीपूर्वक मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जागी बसेना. आज आपण तिची जागा ५८७.६ नॅनोमीटर सांगतो. अंतर अवघे दीड नॅनोमीटरचे. सूर्यावर एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे, असा तर्क पुढे आला आणि त्याला हेलियम हे नाव मिळाले. परंतु तो निर्विवाद झाला १८९५ मध्ये. त्या वर्षी रॅम्से यांनी युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दाखवली. आकाशातील साक्षीला प्रयोगशाळेतील जोडीदार मिळण्यास सत्तावीस वर्षे लागली.

उल्केच्या बाबतीतही अडचण हीच आहे. तिचा वर्णपट छायाचित्रात पकडता येतो. पण त्यातील रेषांच्या तेजावरून मूळ दगडात लोह किती, मॅग्नेशियम किती, हे ठरवायचे, तर ज्याचे घटक आपल्याला आधीच ठाऊक आहेत असा आकाशीय दगड तशाच अवस्थेत पेटवून पाहायला हवा. भट्टीत ते साधत नाही. तेथे लेसर कामी येतो.

लेसरची ठिणगी

या पद्धतीत दगडाच्या पृष्ठभागावर लेसरचा एक अत्यंत लहान स्पंद भिंगाने एकवटतात. प्रयोगशाळेतील सामान्य उपकरणाचा एक नमुना हिशेब पाहू. स्पंदाची ऊर्जा ०.१ ज्यूल; शंभर ग्रॅमचा पेरू दहा सेंटिमीटर वर उचलण्यास लागते तेवढीच. पण ही ऊर्जा दिली जाते ती सेकंदाच्या पाच अब्जांश भागांत. म्हणजे त्या क्षणापुरती शक्ती दोन कोटी वॉट होते. आपल्या खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट, म्हणजे सात कोटी वीस लाख वॉट आहे. तिच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक शक्ती सुईच्या टोकाएवढ्या जागेवर, डोळा लवण्याच्याही कितीतरी आधी, पडून संपते. तेवढ्या जागेतील दगडाची वाफ होते, वाफेचा प्लाझ्मा होतो आणि एक चमकदार ठिणगी दिसते.

ही ठिणगी सुरुवातीला इतकी तप्त असते की तिचा प्रकाश जवळजवळ सलग पांढरा असतो. त्यात रेषा ओळखू येत नाहीत. सुमारे एक मायक्रोसेकंद थांबून मग नोंद घेतली की, निवत चाललेल्या प्लाझ्मात एकेका मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या दिसू लागतात. दगडावर मागे राहतो तो जेमतेम दिसणारा एक खळगा. अशनीसारखा दुर्मीळ नमुना जवळपास शाबूत राहून त्याची तपासणी होते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

चेक प्रजासत्ताकातील प्राग येथे हेयरोव्हस्की भौतिक रसायनशास्त्र संस्थेतील मार्टिन फेरुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत उल्कांसाठी वापरली. पृथ्वीवर सापडलेल्या अशनींवर लेसरचे स्पंद सोडून त्यांनी त्यांचे वर्णपट नोंदले आणि आकाशात टिपलेल्या उल्कांचे वर्णपट त्यांच्याशी ताडून पाहिले. या स्वरूपाचा त्यांचा एक शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्रागमधील ‘ॲस्टेरिक्स’ या महाकाय आयोडीन लेसरचाही यासाठी उपयोग झाला. त्याचा स्पंद सेकंदाच्या अब्जांश भागाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि ऊर्जा शेकडो ज्यूल. त्यामुळे ठिणगीऐवजी वाफेचा मोठा लोळ उठतो, आणि उल्केभोवतीच्या तेजोमय वाफेशी त्याचे साम्य वाढते.

लेसरने प्लाझ्मा निर्माण करून आकाशातील घटनांचा अभ्यास करण्याचे काम आपल्यापासून फार दूर नाही. कर्जत लोकल जेथे संपते, त्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने अतिलघु स्पंदांच्या लेसरने दाट प्लाझ्मा निर्माण करून त्यातील चुंबकीय क्षेत्रांची खळबळ मोजली आहे. त्यांचा विषय उल्का नाही; परंतु दूरच्या ताऱ्याभोवती जे घडते त्याच्यासारखे काही मेजावर घडवून मोजावे, हा विचार तोच आहे.

दोन ठिकाणांना जोडणारे समीकरण

येथे चौकस वाचक शंका घेईल. प्रयोगशाळेत हवेचा दाब पूर्ण. नव्वद किलोमीटर उंचीवर तो सुमारे पाच लाखांश. प्रयोगशाळेतील प्लाझ्मा दाट, मायक्रोसेकंदांत विझणारा. आकाशातील विरळ, तुलनेने दीर्घकाळ चालणारा. मग एकाचे मोजमाप दुसऱ्याला कसे लागू करायचे?

या शंकेचे उत्तर मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणात आहे. त्याचा आशय शब्दांत सांगता येतो. तापमान वाढले की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूला भेटला तर जोडला जातो. गर्दी दाट असेल तर अशा भेटी लवकर होतात. गर्दी विरळ असेल तर सुटलेला सुटलेलाच राहतो. म्हणून एकाच तापमानाला दाब कमी असेल, तेथे अधिक अणू विद्युतभारित आढळतात. किती अधिक, हे साहा यांचे समीकरण आकड्यांत सांगते. सुट्या कॅल्शियमची एक ठळक रेषा ४२२.७ नॅनोमीटरवर असते. इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या दोन रेषा ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर असतात. या रेषांच्या तेजाचे प्रमाण आणि प्लाझ्माची घनता कळली, की त्याचे तापमान आणि घटक यांचा हिशेब मांडता येतो. साहा यांनी हे समीकरण सूर्याच्या वातावरणासाठी मांडले. आज तेच ताऱ्याला, उल्केला आणि लेसरच्या ठिणगीलाही लावले जाते.

साहा कोण होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. त्यांचा जन्म १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या शेओराताली या खेड्यात झाला. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. प्राथमिक शाळेनंतरची शाळा गावापासून काही मैल दूर होती. एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून शिक्षण सुरू राहिले. पुढे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकताना ते ईडन हिंदू वसतिगृहात राहिले. तेथे त्यांच्या जातीमुळे काही सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका पंगतीत जेवण्यास नकार दिला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्या मुलाने ताऱ्यांचा प्रकाश वाचण्याची किल्ली जगाच्या हाती दिली. निवासी शाळेत मुले घालणाऱ्या पालकांना यावर अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

तुलनेतून काय हाती लागले?

लेसरची ठिणगी म्हणजे उल्केची तंतोतंत प्रतिकृती नव्हे. दाट प्लाझ्मा स्वतःच्याच प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो, त्यामुळे ठळक रेषा असायला हव्यात त्याहून फिक्या दिसतात. शिवाय उल्का थोडी थोडी तापत जाते. सोडियम लवकर उडून जातो, तर कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम शेवटपर्यंत चिकटून राहतात. लेसरचा स्पंद मात्र एका फटक्यात सगळ्यांचीच वाफ करतो. हा फरक ठाऊक असल्यामुळेच तुलना उपयोगी पडते. ठिणगीचा वर्णपट ‘सर्व घटक उडाले तर काय दिसेल’ हे सांगतो. उल्केच्या वर्णपटात त्याहून जे कमी पडते, त्याचे कारण शोधावे लागते.

मिथुन वर्षावाचेच उदाहरण घेऊ. त्याचे कण १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाशी संबंधित आहेत. जनक एकच असूनही या वर्षावातील काही उल्कांत सोडियमची रेषा ठळक दिसते, काहींत ती फिकी असते, तर काहींत जवळजवळ नसतेच. फेथॉन सुमारे दीड वर्षात एक फेरी पूर्ण करतो आणि त्या फेरीत सूर्यापासून अवघ्या दोन कोटी किलोमीटरच्या आसपास जातो. पृथ्वीच्या अंतराचा हा सातवा हिस्सा आहे. तेथील तापाने सोडियम आधीच निघून गेला असावा, असे अभ्यासक मानतात. डिसेंबरच्या थंडीत आपण पाहिलेल्या रेघेत एका दगडाच्या सूर्याजवळील प्रवासाचा वृत्तान्त असतो, तो असा.

हीच पद्धत आता ग्रहांवरही पोहोचली आहे. मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’ गाडी काही मीटर अंतरावरील खडकांवर लेसर सोडून त्यांचे वर्णपट घेते. २०१६ मध्ये तिने मंगळावर पडलेली लोह-निकेलची एक अशनीही अशीच तपासली. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यानंतर काही दिवसांतच ‘प्रज्ञान’ गाडीवरील लेसर उपकरणाने दक्षिण ध्रुवाजवळील मातीत गंधक असल्याचे दाखवले. बंगळुरूला इस्रोच्या प्रयोगशाळेत तयार झालेले ते उपकरण, आपण वर वर्णिलेली ठिणगीच चंद्रावर पाडत होते.

आपल्या डोंगरातील काळा दगड

आता दुसरा प्रश्न. पुस्तकांत असे लिहिलेले असते की, दगडाला लोहचुंबक चिकटले तर तो अशनी असण्याची शक्यता आहे. कर्जत-खालापुरात ही कसोटी फसवी ठरते. माथेरान, प्रबळ, राजमाची हे सारे डोंगर आणि कोंडाणे लेणी ज्यात कोरली तो कातळ, हे सर्व दख्खनच्या लाव्हारसाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे बेसॉल्ट खडक आहेत. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते, त्यामुळे आपला साधा काळा दगडही प्रभावी चुंबकाकडे किंचित ओढला जातो. वजनावरूनही निर्णय होत नाही. सामान्य दगडी अशनी बेसॉल्टपेक्षा थोडीच जड असते.

मग पाहायचे काय? दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोके असतील, किंवा त्या भोकांत पांढरे, चकचकीत स्फटिक असतील, तर तो आपल्याच डोंगराचा. ताज्या अशनीवर अगदी पातळ काळे कवच असते आणि आतला दगड बहुधा फिकट राखाडी असतो. बेसॉल्ट आतबाहेर गडदच असतो. अशनीच्या कापलेल्या भागात धातूचे बारीक कण चमकताना दिसतात. निर्णायक पुरावा मात्र निकेलचा असतो. अशनीतील लोहधातूत निकेल शेकड्यात मोजण्याइतके असते, तर बेसॉल्टमध्ये त्याचे प्रमाण दहा हजारांत एखाददुसऱ्या भागाएवढेच असते. लेसरच्या ठिणगीत धातूच्या कणावर निकेलच्या रेषा ठळकपणे उमटतात. आपल्या काळ्या दगडातून लोह, सिलिकॉन, कॅल्शियम, टायटॅनियम यांच्या रेषा येतील, पण निकेलच्या रेषा तशा ठळक उमटणार नाहीत.

महाराष्ट्रात खऱ्या अशनी पडल्या आहेत. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात त्यांचा वर्षाव झाला. ते दगड तपासणीअंती कॉन्ड्राइट वर्गातील ठरले. याउलट २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी पाहिलेली अग्निरेषा उल्का नव्हती. ती सावकाश सरकत, तुकडे होत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे सापडले, आणि ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो. उल्केचा किमान अकरा. तो फरक साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो.

करून पाहा

१. खोक्याच्या एका बाजूस दोन पात्यांमधून अरुंद फट ठेवा आणि समोरच्या बाजूस जुनी सीडी तिरकी बसवा. सीडीवर एका मिलिमीटरला सुमारे ६२५ रेषा असतात, त्यामुळे ती प्रकाश रंगांत पसरवते. ट्यूबलाइट, एलईडी दिवा आणि मीठ टाकलेली ज्योत यांचे वर्णपट पाहून वहीत काढा. ज्योतीजवळ मोठी व्यक्ती असावी. हे खोके सूर्याकडे कधीही धरू नये.

२. खेळण्यातील लेसरने यांपैकी काहीही साधत नाही. त्याची शक्ती वॉटच्या सहस्रांशांत असते. तरीही तो डोळ्यांवर पडल्यास इजा होऊ शकते. पालकांनी तो लहान मुलांच्या हाती देऊ नये.

३. १३ डिसेंबरच्या रात्री दहानंतर, दिव्यांपासून दूर, मोठ्यांच्या सोबतीने पाठीवर पडून आकाश पाहा. डोळे अंधाराला सरावण्यास वीस मिनिटे द्या. दर अर्ध्या तासाला किती उल्का दिसल्या, त्यांचा रंग कोणता, किती मिथुनेकडून आल्या, हे लिहा. रात्री दोनच्या सुमारास मिथुन रास जवळजवळ डोक्यावर येते आणि संख्या सर्वाधिक असते.

४. रानात सापडलेला दगड वर दिलेल्या खुणांनी तपासा आणि काय दिसले ते लिहून ठेवा. तरीही शंका उरली, तर तो कोणा मध्यस्थाला देऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभाग यांना दाखवा.

बहुतेक दगड आपल्याच डोंगराचे निघतील. तसे निघाले तरी तपासणी वाया जात नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस हातात धरून, तो काय आहे हे स्वतःच्या निरीक्षणाने सांगता येणे, हे ज्ञान थोडे नव्हे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज प्रयोगशाळांत, कारखान्यांत किंवा महाविद्यालयांत काम करीत आहेत, त्यांनी एखादा जुना वर्णपटमापक शाळेला मिळवून दिला, तर पुढच्या डिसेंबरात या पाठाचा उरलेला भाग मुले स्वतः लिहितील.